आधी माणूस बघ, मग फ्रेमवर्क

अगं, रिॲक्ट घेऊ की क्यूटी, हे आज ठरवूच नकोस. तुझं सॉफ्टवेअर दिवसभर वापरणाऱ्या माणसाशेजारी आधी जाऊन बस. मार्केटयार्डातल्या गाळ्यात टॅलीवर बसलेला दिवाणजी माऊसला हात न लावता व्हाउचरमागून व्हाउचर टाकत जातो. अशा बोटांना वेब सहज मानवत नाही. साध्या टॅबमध्ये कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-एन या कळा ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, तुझ्या पानापर्यंत पोचू देत नाही. आता उलटं बघ: माणसं गावोगावच्या शाखांत, नियम सारखे बदलणारे, आणि मशीनवर काही चढवायचं तर आयटीवाल्यांच्या विनवण्या. तिथे मुकाट्यानं वेब घे.

‘गुंतागुंतीचं काम म्हणजे डेस्कटॉपच’ असं आमच्या पिढीतले अजून सांगतात. ऐकून घे, मानू नकोस. फिग्मा ब्राउझरातच चालतं ना? पण त्यातली चित्राची पाटी डॉमची नाही. तिच्यामागे सी-प्लस-प्लसमधलं इंजिन आहे. ते २०१७ पासून वेबअसेम्ब्लीत उतरवलेलं, आणि रंगवायला ग्राफिक्स कार्ड. रिॲक्ट आहे, पण कडेच्या पट्ट्यांपुरतं. गूगल डॉक्सनंही २०२१ मध्ये मजकूर कॅनव्हासवर रंगवायचं ठरवलं. दुसरीकडे व्हीएस कोड डेस्कटॉपचं म्हणून मिरवतं, आणि पोटात क्रोमियम! म्हणजे खरी भिंत वेब आणि डेस्कटॉप यांच्यात नाहीच. ती गाभा आणि स्क्रीन यांच्यात घालायची असते.

ती घालताना हात आखडू नकोस. हिशेबाचे नियम, फाइलची रचना, अनडू, यांतल्या कशालाच स्क्रीनची ओळख नको. अनडू तर पहिल्याच आठवड्यात लिही, मागाहून तो शिवता येत नाही. अँग्युलर २०१६ मध्ये नव्यानं आलं ते जुन्याशी न जुळणारं, आणि जुन्याचा आधार २०२१ अखेर सुटला. ज्यांचे नियम कंट्रोलरांत विणलेले होते, त्यांना ते एकेक करून उसवत बसावं लागलं.

वेगाचं गणित साधं आहे. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे एकीला जेमतेम १६ मिलिसेकंद. हजारो वस्तू हलवायच्या असतील तर प्रत्येकीचा डॉम-घटक करू नकोस. जड हिशेब वर्करकडे दे. इलेक्ट्रॉन घेतलंस तर ४ जीबीच्या मशीनवर चालवून बघ. तुझ्या लॅपटॉपवर काय, सगळंच पळतं.

आणि नेट गेल्यावर अर्धवट भरलेलं काम कुठे राहणार, ते विचारून घे. इंडेक्सडीबीत ठेवणार असशील तर कायम साठ्याची परवानगी मागायला विसरू नकोस. ती नसली तर डिस्कवर जागा कमी पडताच ब्राउझर तो डेटा परस्पर पुसू शकतो, तुला न विचारता.