लेकीच्या दारात, पण स्वतःच्या घरात

प्रश्न : आमची मुलगी ओहायोत, कोलंबसजवळ राहते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे होतो, तेव्हा शेजारच्या घरापुढे बसएवढी एक गाडी येऊन उभी राहिली. शेजारणीचे आईवडील, दोघंही सत्तरी ओलांडलेले. घराला कुलूप लावून नातलगांना आणि मित्रमंडळींना भेटत फिरताहेत म्हणे. जेवायला लेकीकडे, पण झोपायला गाडीत! घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या, मग असं का? आणि या वयात पाणी, संडास, टपाल, औषधं हे सगळं रस्त्यावर जमतं कसं? आम्हाला असा प्रवास झेपेल का?
— एक वाचक दांपत्य, सांगली

उत्तर : भांडण मुळीच नाही, निश्चिंत असा. उलट, लेकीशी सूर जुळलेला राहावा म्हणूनच पुष्कळ आईवडील गाडीत झोपतात.

अमेरिकेतलं एखादं चारचौघांसारखं कुटुंब घ्या. मुलगी ओहायोत, मुलगा कोलोरॅडोत, आजोबांचा भाऊ मिसुरीत, आजींची कॉलेजातली मैत्रीण ॲरिझोनात, नोकरीतले जुने सोबती फ्लोरिडात. विमानाने एकेकाकडे जायचं तर भेट चार दिवसांची. परतीचं तिकीट आधीच काढलेलं आणि त्या चार दिवसांत यजमानांच्या घराची सगळी घडी विस्कटलेली. तुम्ही पाहिलेल्या चालत्या घराला तिथे आरव्ही म्हणतात, आणि तिच्यामुळे हा प्रश्न सुटतो. पाहुणे आपला पलंग, आपली उशी, आपलं न्हाणीघर आणि औषधांची पेटी घेऊनच येतात. पहाटे पाचला जाग आली तर कुणाची झोप न मोडता कॉफी करून घेता येते. कामावर निघताना लेकीला ‘आईबाबा दिवसभर काय करतील’ ही काळजी नसते. शाळेतून आलेली नातवंडं दप्तर टाकून आधी गाडीत शिरतात. चार दिवसांची भेट सहज तीन आठवड्यांची होते आणि कुणाला जड जात नाही.

आपल्याकडून सहा-सहा महिने मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांना यातलं मर्म चटकन कळेल. तिथे गाडी चालवत नसलेली माणसं शनिवारची वाट पाहत आठवडा काढतात. प्रेम दोन्हीकडे भरपूर असतं, पण आपलं दार लावून तासभर बसायची सोय दोन्ही पिढ्यांना हवी असते. कधीही निघता येतं हे माहीत असलं की राहणंही सोपं होतं. मला तर ही पद्धत मनापासून आवडते.

दारात गाडी लावणं हेही एक कामच असतं. बहुतेक जोडप्यांत आजोबा स्टिअरिंगवर आणि आजी मागच्या बाजूला, आरशात एकमेकांना दिसेल अशा ठिकाणी हात वर करून उभ्या. फोन चालू असतोच, पण हाताच्या खुणांवर विश्वास जास्त. गाडी थांबली की पाणसळ लावून ती सपाट आहे का ते पाहायचं, नाहीतर चाकाखाली ठोकळे घालायचे. झोप नीट लागावी हे एक कारण झालंच. शिवाय गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर बिघडतो. मग बटण दाबलं की भिंतीचा एक भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो आणि अरुंद बोळाची बैठकीची खोली होते. शेवटी घरातून विजेची वायर ओढतात. इथे एक हिशेब सांभाळावा लागतो. अमेरिकन घरातल्या साध्या प्लगमधून १५ अँपिअर म्हणजे जेमतेम १,८०० वॅट मिळतात. गाडीच्या टपावरचा एसी त्यातलीच बहुतेक वीज खातो. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला की घरातला खटका पडलाच. म्हणून कडक उन्हात आजी-आजोबा दुपारी लेकीच्या दिवाणखान्यात दिसतात आणि ऊन उतरलं की पुन्हा आपल्या घरी.

सगळीकडे असं दारात राहता येतंच असं नाही. पुष्कळ वसाहतींत घरमालकांची संघटना असते, तिला तिथे एचओए म्हणतात. तिचे नियम कडक असतात. कुठे एक-दोन दिवसांची मुभा, कुठे तेवढीही नाही. अशा वेळी जवळच्या कॅम्पग्राउंडवर जागा घ्यायची आणि मागे बांधून आणलेल्या छोट्या मोटारीने लेकीकडे ये-जा करायची. मोठ्या आरव्हीमागे तुम्हाला जी लहान गाडी ओढत नेलेली दिसते, ती यासाठीच.

आता पाणी आणि संडास. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात : पिण्या-वापरायच्या स्वच्छ पाण्याची, न्हाणी-मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. स्वच्छ पाणी साधारण दीडशेपासून साडेतीनशे लिटरपर्यंत मावतं. ते भरायचा पाइप वेगळा, बहुधा पांढरा, आणि तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही, यावर कुणी तडजोड करत नाही. भरलेल्या टाक्या कॅम्पग्राउंडवर किंवा ठरावीक डंप स्टेशनवर रिकाम्या करतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे करताना पाहिलं. रबरी हातमोजे, जाड पाइप गटाराच्या तोंडाशी घट्ट बसवलेला, आधी संडासाची टाकी सोडायची आणि ती संपली की न्हाणीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. सगळं पंधरा मिनिटांत उरकलं आणि जमिनीवर थेंब नव्हता. कागदसुद्धा लवकर विरघळणाराच वापरतात. अंगावर पाणी घेऊन मग झारी बंद, साबण लावून पुन्हा चालू, अशी अंघोळ दोन दिवसांत अंगवळणी पडते. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्या पिढीला हे नव्याने शिकवायला नको.

या गाड्या येतात कुठून, तर बहुतांश इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहरातून आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांतून. विनेबागो ही कंपनी मूळची आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची. चंदेरी कॅप्सूलसारखी दिसणारी एअरस्ट्रीम ओहायोच्या जॅक्सन सेंटरमधली, म्हणजे तुमच्या मुलीच्या राज्यातलीच. तिचा जनक वॉली बायम लोकांना एअरस्ट्रीम जोडून तांड्याने दूरदेशी न्यायचा. १९५९ मध्ये एक तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये सिंगापूरहून युरोपकडे निघालेला तांडा भारतातून गेला. त्या तांड्यांत निवृत्त जोडपी भरपूर असत.

पण हौस असली तरी निवृत्तांना हे परवडायला तीन सरकारी गोष्टी घडाव्या लागल्या. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन आलं, १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि १९६५ मध्ये मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. रस्ता, पेन्शन आणि दवाखाना, या तिन्हींच्या आधारावर सत्तरीतलं माणूस घराबाहेर पडतं. मेडिकेअर पासष्टीला लागू होते. तिचा मूळ प्रकार घेतलेल्याला देशभरात तो स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा ॲडव्हान्टेज प्रकार बहुधा आपल्या भागातल्या डॉक्टरांशी बांधलेला असतो, बाहेर फक्त तातडीचे उपचार. लांब फिरायला निघणारी जाणकार मंडळी म्हणून हा फरक आधी तपासतात. नेहमीच्या गोळ्या मोठ्या साखळी दुकानांच्या कोणत्याही गावातल्या शाखेत मिळतात, कारण चिठ्ठी त्यांच्या संगणकावर असते. काही नियंत्रित औषधांना मात्र राज्याच्या सीमा आड येतात.

टपालाची गोष्ट मला सर्वांत आवडते. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन नावाचं छोटं गाव आहे. एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब तिथे आहे, १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या जोडप्याने सुरू केलेला. घर विकून कायमचे रस्त्यावर आलेले हजारो लोक तिथला पत्ता आपला म्हणून लावतात. टपाल तिथे जमतं आणि तुम्ही कळवाल त्या गावी पाठवलं जातं. वाहन परवाना, मतदान, सगळं त्याच पत्त्यावर. टेक्सस, साउथ डकोटा आणि फ्लोरिडा ही राज्यं या लोकांची आवडती, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. तुम्ही पाहिलेल्या जोडप्यासारखे कुलूप लावून निघालेले लोक बहुधा पुढच्या गावच्या पोस्टात आपल्या नावाने ‘जनरल डिलिव्हरी’ मागवतात. पोस्ट ते महिनाभर सांभाळून ठेवतं.

मार्ग ठरतो तो ऋतूवर. थंडीत गाडीतले नळ गोठून फुटतात, म्हणून भेटींचं वेळापत्रक सूर्याच्या मागे जातं : उन्हाळ्यात ओहायो-मिशिगनची मंडळी, पानगळीत मिसुरीतला भाऊ, हिवाळ्यात ॲरिझोना, दक्षिण टेक्सस किंवा फ्लोरिडा. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट या वाळवंटी गावाभोवती हिवाळ्यात गाड्यांचं शहरच उभं राहतं. तिथल्या सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहायचा परवाना गेली कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे. वर्षानुवर्षं तीच माणसं तिथे भेटतात, त्यामुळे त्या मुक्कामालाही ती नातलगांकडे जाणंच समजतात. चालवण्याबाबत या मंडळींचा एक नियम आहे : दिवसाला ३०० मैलांच्या, म्हणजे ४८० किलोमीटरच्या वर जायचं नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी पोचायचं आणि तिथे किमान ३ रात्री राहायचं. पोचायची घाई नसणं हेच त्यांचं खरं धन आहे.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त नाही. मोठी आरव्ही लिटरला तीन-चार किलोमीटरच जाते आणि खासगी तळांवर रात्रीचे साधारण ४० ते ८० डॉलर पडतात. राष्ट्रीय उद्यानांत ६२ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकांना आणि कायम रहिवाशांना ८० डॉलरमध्ये आजन्म पास मिळतो आणि सरकारी तळांवर बऱ्याच ठिकाणी निम्मं भाडं. काही जण उद्यानांत यजमानाचं काम करून जागा फुकट मिळवतात. या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ च्या मंदीत घर गेलं म्हणून गाडीत आलेले वृद्धही याच रस्त्यांवर आहेत. जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे २०१७ चं पुस्तक त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यावरच्या चित्रपटात त्यातली काही खरी माणसंच स्वतःच्या भूमिकेत दिसतात. तुम्ही पाहिलेल्या जोडप्याला परतायला घर आहे. यांना नाही. दुरून दोन्ही गाड्या सारख्या दिसतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

आणि गाडी चालवणंच जमेनासं झालं तर? बहुतेक जोडपी मग लेकीजवळ छोटं घर घेतात. पण लिव्हिंग्स्टनच्या त्याच क्लबने अशा सभासदांसाठी केअर नावाचं केंद्र उभारलं आहे. तिथे माणूस आपल्याच गाडीत, आपल्याच पलंगावर राहतो. गाडी कायमची उभी असते, जेवण केंद्रात मिळतं, दवाखान्यात न्यायला माणूस असतो, आणि आजारपणातून उठेपर्यंत तात्पुरतं राहून पुन्हा रस्त्याला लागायचीही सोय आहे. शेवटपर्यंत आपल्या भांड्याकुंड्यांत राहू देणारी इतकी समंजस व्यवस्था मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

तुम्हाला झेपेल का? वर्षभराचं सोडा, पण मुलगी-जावई चालवणार असतील तर आठवडाभर जरूर करून पाहा. क्रूझ अमेरिकासारख्या कंपन्या गाडी भाड्याने देतात. रात्रीच्या भाड्यावर मैलांचे पैसे वेगळे लागतात, ते आधी विचारून घ्या. चौघांना सव्वीस-सत्तावीस फुटी गाडी पुरते. ज्येष्ठांचा पास पर्यटक व्हिसावर मिळत नाही. उद्यानांतल्या अनेक तळांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि लगेच संपतं, म्हणून उन्हाळ्याची जागा हिवाळ्यातच धरायला मुलीला सांगा. गाडी चालू असताना उठून चहा करायचा मोह टाळा, पट्टा बांधून बसा. पायऱ्या उंच असतात, गुडघ्याचा त्रास असेल तर गाडी घेण्याआधी चढून-उतरून बघा. फोडणीचा वास लहान जागेत दिवसभर राहतो, तेव्हा स्वयंपाक बाहेरच्या टेबलावर करा, तशी सोय जवळजवळ प्रत्येक तळावर असते. आणि पहिला मुक्काम मुलीच्या घरापासून तासाभराच्या आत ठेवा. काय विसरलंय हे पहिल्या रात्रीच कळतं.