गांवास शिक्षक कोठून मिळावा?

मोर्शीच्या आसपास संत्र्यांच्या बागा पुष्कळ आहेत, व त्या बागांत मजुरी करणारीं घरेंही पुष्कळ आहेत. अशा घरची एखादी मुलगी बारावी उतरली व तिला शिक्षिका व्हावेंसें वाटलें, तर तिची अडचण कोणती? ती केवळ फीची नव्हे. प्राथमिक शिक्षकाची पदविका दोन वर्षांची आहे. तेवढा काळ तिची मजुरी घरांत येत नाहीं, आणि राहण्याजेवणाचा खर्च मात्र वाढतो. यास्तव फीपुरतीच शिष्यवृत्ति ही अर्धी मदत होय, हें आपण प्रथम ध्यानांत घेऊं.

आतां, अशा मुलीस साह्य केल्यानें इतरांस काय लाभ? आपल्याच जिल्ह्यांत मेळघाट आहे. तेथें धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कोरकू लोकांची वस्ती मोठी आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतील नव्हे. ती मुंडारी व संथाळी यांच्या नात्याची आहे. कोरकू बालक प्रथम शाळेंत येतें, तेव्हां गुरुजींचे शब्द त्यास परके वाटतात. जो त्याच्या घरची बोली जाणतो, तो त्याचा हात धरून त्यास मराठीकडे सहज नेऊं शकतो.

हा विचार नवा नाहीं. सन १८८२ मध्यें जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनापुढें निवेदन केलें. प्राथमिक शिक्षक अध्यापन शिकलेले असावे, शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्यावे, त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, आणि ज्या वर्गांत विद्या पोहोंचली नाहीं त्यांस शिष्यवृत्त्या मिळाव्या, असें त्यांनीं मागितलें. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही ग्रामीण विद्यार्थ्यांस बी.एड.साठीं शिष्यवृत्ति व शिक्षण संपल्यावर त्यांच्याच भागांत नोकरीस प्राधान्य द्यावें, असें लिहिलें आहे. धोरणांत लिहिलेलें गांवीं उतरलें कीं नाहीं, हें विचारणें आपलें काम.

शिष्यवृत्तीबरोबर सेवेची अट आली, तर ती नीट वाचावी. अमेरिकेंत सन २००७ च्या कायद्यानें अशी मदत सुरू झाली: गरीब वस्तीच्या शाळेंत ८ वर्षांच्या आंत ४ वर्षें शिकवावें, नाहीं तर मदतीचें कर्ज होतें. तेथें कागद वेळेवर न पोहोंचल्यानें पुष्कळ प्रामाणिक शिक्षकांवर कर्ज चढलें, व सरकारास पुढें ती व्यवस्था सुधारावी लागली.

आपल्या मंडळ्यांनीं आणखी एक गोष्ट जाणावी. अनुसूचित जातींसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सन १९४४ पासून आहे. परंतु सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्यांस त्या जातींत गणीत नाहींत. अनुसूचित जमातींस मात्र धर्माची अट नाहीं. म्हणून ख्रिस्ती कोरकू मुलाचा हक्क कायम आहे. इतरांनीं आपला दाखला कोणत्या वर्गांत मिळतो, याची चौकशी तहसील कचेरींत बारावीच्या आधींच करावी. उशीरा केलेली चौकशी एक वर्ष खाते, आणि एक वर्ष गेलें कीं घर मुलीला पुन्हां बागेंत धाडतें.

विचारासाठीं प्रश्न:
१. आपल्या गांवीं शिक्षक होऊं इच्छिणारा कोणी आहे काय?
२. त्याच्या घराची बुडणारी मजुरी कोण भरून काढील?
३. तो शिकून परत आला, तर त्यास राहावयास घर कोण देईल?