अमेरिकेची कर्जमर्यादा

कर्जमर्यादा म्हणजे उधळपट्टीला लगाम, असा समज मला वर्गात नेहमी आढळतो. वस्तुतः अमेरिकेत खर्च आणि कर दोन्ही काँग्रेसच आधी ठरवते. उरलेली तूट कर्जानेच भरावी लागते. वाण्याकडचा माल खाऊन झाल्यावर उधारी फेडावी की नाही यावर घरात भांडण जुंपावे, तसाच हा प्रकार! २०११ साली प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमत खर्चकपातीच्या अटीवर अडून बसले. अध्यक्ष ओबामा डेमोक्रॅट. अखेर २ ऑगस्टला, मुदतीच्या दिवशीच, तडजोडीचा कायदा झाला. देणे थकले नाही. तरीही तीनच दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेची पत एका पायरीने उतरवली. मला त्या निर्णयातील एक कारण महत्त्वाचे वाटते : राजकीय ओढाताण. २०२३ मध्येही असाच पेच सुटल्यानंतर दोन महिन्यांत फिच संस्थेने तेच केले.