आधी तोंडाकडे बघ

अगं, एमडीएसच्या थिसिसला हळदीचं हायड्रोजेल घेतेयस हे कळलं, फार बरं वाटलं. पण सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी ताईचं थोडं ऐक.

सगळे हळदीपासून सुरुवात करतात. तू पेशंटपासून कर. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्यानं गाल आतून ताठ झालेली पोरं ओपीडीत येतातच. भाजीतलं साधं तिखट लागलं तरी त्यांच्या तोंडाची आग होते. गालात इंजेक्शनं घेऊन ती कंटाळलेली असतात. जेल त्यांच्यासाठी कर.

औषध तोंडात टिकत नाही, खरी अडचण तीच. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, जीभ सारखी फिरत असते. म्हणून मला कायटोसान आवडतं. कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटिन तीव्र अल्कलीत तापवून ते काढतात. त्याच्यावर धन भार, लाळेतल्या म्युसिनवर ऋण, त्यामुळे ते अस्तराला धरून राहतं. पण हा भार आम्लात असतो. लाळेत तो बराच उतरतो. तेव्हा चिकटपणा साध्या पाण्यात मोजून खूश होऊ नकोस, कृत्रिम लाळेतच मोज. शिवाय कायटोसान विरघळवायला घातलेलं ॲसेटिक ॲसिड जेलमध्ये तसंच ठेवू नकोस. पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, हे मी तुला सांगायला नको.

दुसरा पर्याय अल्जिनेटचा. ते तर तू मापं घ्यायला रोजच कालवतेस. ते कॅल्शियमनं घट्ट होतं आणि लाळेतलं सोडियम ते कॅल्शियम हळूहळू काढून घेतं, एवढं लक्षात ठेव.

हळदीचं म्हणशील, तर कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि उजेडात खराब होतं. जेलमध्ये किती घातलं याला फारसा अर्थ नाही, त्यातून किती बाहेर आलं ते दाखव. आणि 'नैसर्गिक म्हणून सुरक्षित' हे वाक्य थिसिसमध्ये कुठेही नको, बाई. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना आधीच वगळ. कवचाचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो, म्हणून पुरवठादाराकडून रेणुभार आणि डीॲसिटिलेशनची टक्केवारी लेखी घे. जेल घट्ट करायला ग्लुटाराल्डिहाइड वापरायचा मोह होईल. ते पेशींना विषारी आहे, टाळ.

पेशंटला सांगताना आग कमी होते का ते बघतोय, इतकंच सांग. तोंड उघडेल असा शब्द देऊ नकोस. सुपारी सुटल्याशिवाय कुठलंच जेल पुरं पडणार नाही, हेही त्याच बैठकीत सांग.

आणखी एक. ज्याच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत, तो गालाच्या मागच्या भागाला जेल लावणार कसं? बारीक, लांब, बोथट टोकाच्या सिरिंजमधून सहज येईल इतकं ते पातळ हवं आणि आत गेल्यावर घट्ट व्हायला हवं. कायटोसानमध्ये बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट घातलं की ते शरीराच्या उष्णतेला जमतं आणि आम्लपणाही जातो. तिथून सुरुवात कर. चिकटपणा मात्र नव्यानं मोजावा लागेल.