संशोधनावरील करसवलत : धाटाव आणि पेण

पेणमध्ये 'कारखाना' म्हटले की गणपतीचा कारखाना समजतात. रोह्यात तोच शब्द उच्चारला की धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा. माझे वडील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती करतात, तर मामा धाटावला ऑपरेटर आहेत. त्यामुळे सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला सरांनी 'संशोधनावरील करसवलत' हा विषय काढला तेव्हा मला दोन्ही कारखाने आठवले.

प्रथम सवलत म्हणजे काय ते पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ३५ चे पोटकलम (२एबी) हे १९९७ च्या वित्त कायद्याने घातले गेले. औषधे, रसायने, इलेक्ट्रॉनिक्स अशा मोजक्या उद्योगांतील कंपन्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत केलेल्या संशोधनखर्चाच्या सव्वापट रक्कम उत्पन्नातून वजा करण्याची मुभा त्याने दिली. पुढे ही वजावट दीडपट झाली, २००९ मध्ये ती बहुतेक सर्व उत्पादक उद्योगांना लागू झाली (मद्य व तंबाखू वगळून, हे बरेच झाले!) आणि २०१० मध्ये दुप्पट झाली. जमीन व इमारतीचा खर्च मात्र यात धरत नसत, आणि प्रयोगशाळेला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागे.

हिशेब सोपा आहे. कराचा दर ३० टक्के धरला, तर १०० रुपये खर्चाची साधी वजावट ३० रुपये कर वाचवते. दुप्पट वजावट ६० रुपये वाचवते. म्हणजे शंभराचा प्रयोग कंपनीला चाळीस रुपयांत पडे. अमेरिकेत थेट देय करातूनच काही रक्कम वळती करतात. आपल्याकडे ती उत्पन्नातून वजा होते. हा फरक परीक्षेत आमच्यापैकी निम्म्यांनी चुकवला, मीही त्यांत होतो.

२०१६ च्या अर्थसंकल्पात ही सवलत टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरले. १ एप्रिल २०१७ पासून वजावट दीडपटीवर आली आणि १ एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच राहिली. सरकारचे म्हणणे असे की सवलती कमी करू, पण दरही कमी करू. २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्क्यांचा दर दिलाही. यावर सीआयआय, फिक्की यांसारख्या संघटनांनी आणि औषध उद्योगाने अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांतून जादा वजावटीची मागणी लावून धरली.

ही मागणी निव्वळ स्वार्थाची आहे काय? मला तसे वाटत नाही. दर कमी झाल्याचा लाभ संशोधन करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला सारखाच मिळतो. शिवाय एकाने शोधलेली प्रक्रिया आज ना उद्या दुसरे उचलतात. खर्च एकाचा, फायदा अनेकांचा, म्हणून एकटा कारखानदार समाजाला हवे तितके संशोधन करीत नाही. मामा म्हणतात, "लॅबमध्ये दहादा फसतं, तेव्हा एकदा आमच्या रिॲक्टरपर्यंत येतं." देशाचा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच होता, आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी.

सततची अनिश्चितताही वाईट. अमेरिकेत १९८१ ची सवलत तात्पुरती होती. ती वारंवार वाढवीत अखेर २०१५ मध्ये कायम केली. मग २०१७ च्या कायद्याने संशोधनाचा खर्च २०२२ पासून पाच वर्षांत विभागण्याची सक्ती केली. उद्योगांनी ओरड केली आणि २०२५ मध्ये देशांतर्गत संशोधनापुरती ती सक्ती उठली. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची संशोधन योजना मंजूर केली. तिचा भर अल्प व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांवर आहे. कर्ज फेडावे लागते, प्रयोग फसला तरी.

पण माझी एक हरकत आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ. म्हणून वडिलांनी शाडूत कागदाचा लगदा मिसळून पाहिला. पावसाळी हवेत त्या मूर्ती नीट वाळेनात. चाळीसपैकी एकतीस तडकल्या. हेही संशोधनच! मात्र ज्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेतच येत नाही, त्याला दुप्पट वजावट काय नि चौपट काय, सारखीच शून्य. सवलत परत द्यावी, या मताचा मी आहे. पण निवेदने देणाऱ्यांनी या माणसासाठी थेट अनुदानाचे एखादे कलम मागितलेले माझ्या वाचनात आले नाही.

हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : मान्यता मिळवायला प्रयोगशाळा केवढी लागते, आणि त्यात शेड चालेल का. यंदा ते लगद्याचे प्रमाण निम्म्यावर आणणार आहेत.