धानाची यांत्रिक पेरणी : यंत्राची गती आणि बियाण्याचा आकार

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा. पऱ्हे टाकून, चिखलणी करून रोवणी करावयाची ही येथील रूढ पद्धत. जोडीला आवत्याही आहे. रोवणीचे दिवस सर्व गावांना एकदमच येतात व मजूर अपुरे पडतात. साहजिकच पेरणीयंत्राने बांधीत थेट धान पेरण्याकडे लक्ष वळते. मात्र ओळ सरळ आली म्हणजे पेरणी बिनचूक झाली, असे नव्हे.

तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी स्त्री बैलांच्या चालीकडे पाहून बी सोडते. यंत्रात तिचे काम बीजमापकाकडे असते. काही यंत्रांत खाचांचा रूळ बी लोटतो, तर काहींत कप्प्यांची तिरपी चकती एकेक बी उचलते. दोहोंनाही गती मिळते ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकाकडून. म्हणून ट्रॅक्टर हळू चालो वा जलद, दोन बियांतील अंतर तेच राहील, अशी समजूत होते. रुळाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे, चकतीच्या बाबतीत नाही. दर १० सेंटिमीटरवर एक बी हवे असेल, तर ताशी ३ किलोमीटर गतीला प्रत्येक ओळीसाठी सेकंदास सुमारे ८ कप्पे भरावे लागतात. ताशी ५ किलोमीटरला सुमारे १४. कप्प्याला बी घेण्यास वेळच उरत नाही व काही कप्पे रिकामे जातात. त्यात ओल्या जमिनीत चाक घसरले, की बी आणखी कमी पडते.

आकाराचे गणित वेगळे. एचएमटी बारीक दाण्याचे, जया ठोकळ दाण्याचे. ठोकळ दाण्याच्या कप्प्यात बारीक दाणे दोन-तीन शिरतात. उलट केल्यास कप्पा रिकामा राहतो किंवा दाणा फुटतो. हजार दाण्यांचे वजन १६ ग्रॅम असेल तर किलोत ६२,५०० दाणे बसतात, २५ ग्रॅम असेल तर ४०,०००. म्हणजे किलोचे प्रमाण तेच ठेवूनही रोपांची संख्या दीडपट होऊ शकते. वाण बदलला की चकती वा रुळाची मोकळीक बदलावीच लागते.

याची चाचणी गावातच होते. चाकाचा घेर १.२५ मीटर व पेरणीची रुंदी १.८ मीटर असल्यास, चाक उचलून दिलेल्या २० फेऱ्यांत ४५ चौरस मीटरचे बी पडते. हेक्टरी ४० किलो हवे असल्यास ते १८० ग्रॅम भरावे. परंतु उभ्या यंत्राच्या या चाचणीत हादरे नसतात, चाकाची घसरणही नसते. म्हणून नेहमीच्या गतीने काही मीटर पेरून, माती बाजूला सारून बिया मोजणे अधिक विश्वासाचे.

भाड्याच्या यंत्रात खरी अडचण निराळीच असते. भाडे एकरावर ठरले, की चालकाला घाई होते, आणि रिकाम्या जागा दिसतात त्या उगवणीनंतर, यंत्र दुसऱ्या गावी गेल्यावर. तेथे नांग्या भरण्यासाठी पुन्हा मजूरच शोधावे लागतात. यंत्र ठरवितानाच गती किती राहील व चाचणी कोणासमोर होईल, हे ग्रामपंचायत सदस्य व कृषी सहायक यांनी चालकाशी बोलून घ्यावे.