सात खेळणारे, पाच राखीव

तंजावूर म्हटले की मराठी वाचकास भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. त्याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ‘सडुगुडु’ या नावाने खेळला जाणारा खेळ म्हणजे आपला हुतुतूच होय, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. बंगालात त्याला हाडुडु म्हणतात. प्रांतोप्रांती नाव निराळे, दम घुमविण्याची रीतही निराळी. पण मध्यरेषा ओलांडून एकट्याने शत्रूच्या अंगणात शिरायचे आणि श्वास तुटण्याआधी परतायचे, हा गाभा एकच आहे.

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संघात बारा खेळाडू असतात; त्यांपैकी सात मैदानात उतरतात, पाच राखीव बसतात. जुन्या देशी प्रकारांत नऊ खेळाडू उतरत असत. संजीवनी, गामिनी आणि अमर या प्रकारांतील मुख्य भेद बाद झालेल्या खेळाडूचे पुढे काय करायचे, एवढाच होता. आजच्या खेळाने संजीवनीचे तत्त्व उचलले: प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो. परंतु ही संजीवनी बाद झालेल्यासाठी आहे, जायबंदी झालेल्यासाठी नाही. ज्याचा गुडघा दुखावला, त्याच्या जागी उभा राहावयास त्या पाचांतलाच कोणीतरी हवा. राखीव खेळाडूंची संख्या हा म्हणूनच केवळ खर्चाचा किंवा व्यवस्थेचा प्रश्न राहत नाही.

कबड्डीत गुडघा आणि घोटा यांना विशेष धोका संभवतो, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. चढाई करणारा एका पायावर भार देऊन गर्रकन वळतो, नेमका त्याच क्षणी बचाव करणारा त्याचा घोटा धरतो. मातीच्या मैदानात पाय थोडा घसरतो आणि पीळ काही अंशी जमिनीत जिरतो. मॅटवर बुटाचा रबरी तळवा रुतून बसतो. पाऊल जागीच राहते, धड फिरते आणि सारा पीळ गुडघ्यातील अस्थिबंधांवर येतो. मातीत अंग खरचटते हे खरे, पण खरचटलेले चार दिवसांत भरून येते. तुटलेल्या अस्थिबंधाला कित्येक महिने लागतात.

तुलनेसाठी एका अगदी वेगळ्या हवामानातील खेळ पाहू. बर्फावरील हॉकीत एका वेळी गोलरक्षकासह सहाच खेळाडू उतरतात, पण संघ वीसहून अधिक जणांचा असतो. सुमारे पाऊण मिनिटाच्या धावपळीनंतर तुकडीच बदलली जाते. १९७२ साली कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची जी गाजलेली मालिका झाली, तिच्यासाठी कॅनडाने पस्तीस खेळाडू जमविले होते. त्यांचा थोर खेळाडू बॉबी ऑर गुडघ्याच्या दुखण्यामुळे एकही सामना खेळू शकला नाही. सहाव्या सामन्यात बॉबी क्लार्कने सोव्हिएत संघाच्या वालेरी खार्लामोवच्या घोट्यावर काठी हाणली. खार्लामोव सातव्या सामन्यास मुकला आणि आठव्यात दुखऱ्या पायानिशी उतरला. त्या शेवटच्या सामन्यासाठी कॅनडातील शाळाशाळांतून दूरचित्रवाणी संच लावले गेले होते. एवढ्या नजरा खिळल्या असता उत्तम खेळाडूस बाकावर बसविण्याचे धैर्य कोणत्या प्रशिक्षकाला होणार?

कबड्डीकडे अशा नजरा वळण्यास फार काळ लागला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक केले. आशियाई क्रीडास्पर्धांत पदकासाठी तो १९९० साली बीजिंग येथे प्रथम खेळला गेला. खरी प्रसिद्धी मिळाली ती २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमुळे. पहिल्या वर्षी आठ संघांचे साठ सामने झाले. २०१७ मध्ये बारा संघांचे १३८, म्हणजे साखळीतच प्रत्येक संघाचे बावीस. बारा जणांच्या संघाने एवढा पल्ला गाठणे अशक्यच. लीगमधील संघ त्यामुळे मोठे झाले. प्रसिद्धीने पैसा आणला, त्याबरोबर वैद्य आणि व्यायामतज्ज्ञही आणले. पण गुडघ्यांच्या वाट्याला येणारे सामनेही तिनेच वाढविले.

तंजावूर जिल्ह्यातील धर्मराज चेरलातन हा बचावपटू या नव्या काळात विशीतला नव्हे, चाळिशीतला म्हणून लोकांना ठाऊक झाला. २०१७ मध्ये तो पुण्याच्या आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या संघातून खेळला. तत्पूर्वी, २०१६ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकासाठी निवडलेल्या चौदा जणांच्या भारतीय संघात तो होता. पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ३२–३४ असा हरूनही भारताने अंतिम सामन्यात इराणला ३८–२९ असे नमविले. विजेत्यास तेथे सात सामने खेळावे लागले, सारे सोळा दिवसांच्या आत.

दोन वर्षांनी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत संघ पुन्हा बारा जणांचा होता. इराणविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात कर्णधार अजय ठाकूर याला दुखापत होऊन मॅटबाहेर जावे लागले. चढाईची मदार ज्याच्यावर होती तोच नाही म्हटल्यावर पाच राखिवांतून त्याची जागा भरणे सोपे नव्हते. भारत १८–२७ असा हरला. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्णपदक मिळविणाऱ्या पुरुष संघाच्या वाट्याला त्या वेळी कांस्यपदक आले. त्याला हरविणाऱ्या इराणी संघात भारतीय लीगमध्ये खेळून तयार झालेले गडी होते.